चपट्या वेढ्याची तार : बेसवादनातील एका निवडीचा इतिहास

वाद्यांच्या इतिहासात वाद्याच्या घडणीची चर्चा पुष्कळ होते. तारेची क्वचितच होते. इलेक्ट्रिक बेस गिटारच्या बाबतीत तर एक ठोकळेबाज नियम रूढ झाला आहे : सोल व रेगे यांना फ्लॅटवाउंड तार, रॉकला राउंडवाउंड. हा नियम इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या दोन तारांमधील भेद पाहू. बेसच्या तारेच्या पोलादी गाभ्याभोवती दुसरी तार वेढलेली असते. ही बाहेरची तार गोल असली, तर वेढ्यावेढ्यांत बारीक खाचा राहतात. तिच्याऐवजी धातूची चपटी पट्टी वेढली, तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पहिली राउंडवाउंड, दुसरी फ्लॅटवाउंड. पहिलीत वरचे उपस्वर विपुल उमटतात व नाद लखलखीत होतो. परंतु बोट सरकताना खरखर ऐकू येते आणि पडदे लवकर झिजतात. दुसरीत मूळ स्वर ठळक राहून उपस्वर मंदावतात. शिवाय घाम व मळ साचण्यास खाचा नसल्यामुळे तिचा नाद वर्षानुवर्षे फारसा पालटत नाही.

कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तो अवजड उभ्या डबल बेसचे काम सुटसुटीत वाद्याने व्हावे म्हणून. त्या काळी या नव्या वाद्यावर सामान्यतः फ्लॅटवाउंड ताराच चढवीत. अर्थात, आरंभीच्या वादकाने ही तार ‘निवडली’ असे म्हणणे कालविपर्यासाचे ठरेल. जो पर्यायच नव्हता, तो त्याने नाकारला असे कसे म्हणावे?

डेट्रॉइटच्या मोटाउन संस्थेचे बेसवादक जेम्स जेमर्सन हे या नादाचे सर्वमान्य उदाहरण. जाड फ्लॅटवाउंड तारा, त्या सहसा न बदलण्याची सवय, घोडीजवळ तारांखाली दाबलेला स्पंज आणि केवळ तर्जनीचा आघात, या सर्वांच्या संयोगातून त्यांचा घुमारेदार स्वर सिद्ध झाला. त्याच दशकात लॉस एंजेलिसमध्ये कॅरोल के याही फ्लॅटवाउंड तारा वापरीत; मात्र त्या नखीने वाजवीत, म्हणून त्यांचा स्वर अधिक रेखीव उमटे. तार एकच, पण नाद दोन! नादाचे सारे श्रेय तारेस देता येत नाही, ते यामुळेच.

खऱ्या अर्थाने निवड सुरू झाली ती 1966 च्या सुमारास. ‘द हू’ या इंग्लिश वाद्यवृंदाचे जॉन एंटविसल यांना बेसमधून पियानोसारखा झणझणीत स्वर हवा होता. रोटोसाउंडचे जेम्स हाऊ यांच्या सहकार्याने त्यांनी राउंडवाउंड तारांचा संच सिद्ध करविला. बेस आता केवळ पाया न राहता गिटारच्या बरोबरीने बोलू लागला. जॅको पास्टोरियस यांनी तर बिनपडद्यांच्या बेसवरही याच तारा चढविल्या आणि त्यांनी लाकूड खरवडले जाऊ नये म्हणून फळीवर इपॉक्सीचा कठीण लेप दिला.

यानंतर फ्लॅटवाउंड तार ठेवणे हा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय ठरला. जमैकातील ॲस्टन बॅरेट यांच्या रेगेवादनात बेस हाच गीताचा मुख्य आधार असून गिटारचे आघात त्याच्या वर तरंगतात; तेथे उपस्वरांची गर्दी अडचणीचीच ठरली असती. परंतु 1975 मध्ये ‘आयर्न मेडन’ स्थापन करणारे स्टीव्ह हॅरिस हेवी मेटलसारख्या कर्कश संगीतातही फ्लॅटवाउंड ताराच वापरतात, आणि दोन बोटांच्या जलद आघातांनी त्यांतून खणखणीत स्वर काढतात. रूढ नियम येथे सपशेल कोसळतो.

तात्पर्य, शैलीचे नाव तार ठरवीत नाही. वाद्यमेळात बेसने कोणते स्थान घ्यावयाचे, हा प्रश्न ती ठरवितो. अभ्यासकाने जुने ध्वनिमुद्रण ऐकताना तारेचा प्रकार, तिचे वय, स्पंजाचा दाब व वादकाचा हात ही चार अंगे वेगळी करून पाहिली पाहिजेत. तसे न केल्यास, साधनांच्या अभावातून आलेल्या गोष्टीस आपण अभिरुचीचे फळ समजू, आणि मग इतिहासाची जागा दंतकथा घेईल.