डॅन्यूब : साम्राज्यांची सीमा, व्यापाराची वाट

डॅन्यूब ही व्होल्गाखालोखाल युरोपातील सर्वांत लांब नदी. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ भागातून निघालेल्या ब्रेग आणि ब्रिगाख या दोन प्रवाहांचा डोनाउएशिंगेनजवळ संगम होतो आणि तेथून नदीला डॅन्यूब हे नाव मिळते. सुमारे 2,850 किमी वाहून ती काळ्या समुद्राला मिळते. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, क्रोएशिया, सर्बिया, रुमानिया, बल्गेरिया, मोल्दोव्हा आणि युक्रेन या दहा देशांशी तिचा संबंध येतो. जगातील दुसऱ्या कोणत्याही नदीच्या वाट्याला इतके देश आलेले नाहीत. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि बेलग्रेड या चार राजधान्या तिच्या काठी वसल्या आहेत.

उगमानंतर थोड्याच अंतरावर, इमेन्डिंगेन येथे, नदीचे पाणी चुनखडीच्या खडकांतील भेगांतून जमिनीत मुरते. उन्हाळ्यात तर तिचे पात्र काही ठिकाणी पूर्ण कोरडे पडते. दक्षिणेला सुमारे 12 किमीवर असलेल्या आख येथील मोठ्या झऱ्यात हेच पाणी वर येत असावे, असा तर्क होता. 1877 मध्ये भूवैज्ञानिक क्नोप यांनी पात्रात मीठ आणि हिरवा चमकदार रंग सोडला. सुमारे अडीच दिवसांनी आखच्या झऱ्याला रंगीत, खारट पाणी आले आणि तर्क खरा ठरला. हे पाणी पुढे ऱ्हाईन नदीतून उत्तर समुद्राला जात असल्याने डॅन्यूबचा काही वाटा परस्पर दुसऱ्याच समुद्राला मिळतो.

पासाउ येथे इन नदी मिळाल्यावर डॅन्यूबचा प्रवाह चांगलाच फुगतो. हंगेरीचे सपाट मैदान ओलांडल्यावर द्रावा, तिसा आणि सावा या उपनद्या तिला येऊन मिळतात. सर्बिया आणि रुमानिया यांच्या सीमेवर कार्पेथियन पर्वत कापून ती ‘आयर्न गेट्स’ या अरुंद घळीतून बाहेर पडते. मुखाशी चिलिया, सुलिना आणि स्फंतु गेओर्गे या तीन फाट्यांनी विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश तयार झाला आहे. त्याचा रुमानियातील भाग 1991 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

रोमन साम्राज्याने या नदीला आपली उत्तर सीमा मानले आणि काठाने सैन्यतळांची रांग उभी केली. विन्दोबोना, अक्विंकुम आणि सिंगिदुनुम या तळांच्या जागी आज अनुक्रमे व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि बेलग्रेड ही शहरे आहेत. पलीकडचा दाकिया जिंकण्यासाठी सम्राट त्राजानने वास्तुविशारद अपोलोडोरस याच्याकडून इ.स. 105 च्या सुमारास नदीवर एक किमीहून लांब पूल बांधून घेतला. पुढे ऑस्मानी सैन्य याच नदीच्या वाटेने मध्य युरोपात शिरले. 1521 मध्ये बेलग्रेड पडले, 1526 मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचा पराभव झाला आणि 1529 व 1683 मध्ये व्हिएन्नाला वेढा पडला. ऑस्मानी सत्ता मागे हटल्यावर ओस पडलेल्या मैदानात अठराव्या शतकात जर्मन शेतकरी येऊन वसले. उल्म येथून ते सपाट तळाच्या लाकडी नावांतून प्रवाहाबरोबर खाली येत. या नावा परत जात नसत. मुक्कामी पोचल्यावर त्या मोडून लाकूड विकले जाई.

खरी व्यापारी वाट घडली ती एकोणिसाव्या शतकात. वाफेच्या बोटी सुरू झाल्या, ब्राइला आणि गालात्स या बंदरांतून धान्याची निर्यात वाढली. पण सुलिनाच्या मुखाशी गाळ साचून जहाजे अडकू लागली. क्रिमियन युद्धानंतर 1856 च्या पॅरिस तहाने सात सत्तांचा युरोपीय डॅन्यूब आयोग नेमला. ब्रिटिश अभियंता चार्ल्स हार्टली याने मुखापासून समुद्रात बांध घातले आणि प्रवाहाच्याच जोराने गाळ वाहून जाईल अशी व्यवस्था केली. स्वतःचा ध्वज, स्वतःची जकात आणि स्वतःचे नियम असलेल्या या आयोगाची गणना आजच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या पूर्वजांत होते.

आयर्न गेट्सचे खडक चुकवण्यासाठी 1896 मध्ये सिपचा कालवा खुला झाला. मात्र त्यातील ओढ इतकी जबर होती, की प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या बोटी काठावरच्या रुळांवरून आगगाडीच्या इंजिनाने ओढाव्या लागत. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या धरणामुळे हा अडथळा संपला. पण तुर्की वस्तीचे अदा काले हे बेट मशीद आणि बाजारासह जलाशयात बुडाले. घळीच्या काठी खडकात कोरलेला सम्राट त्राजानचा शिलालेख मात्र कापून वर बसवण्यात आला.

योहान स्ट्राउसच्या 1867 मधील वॉल्ट्झ रचनेमुळे डॅन्यूबचे नाव ‘निळी’ म्हणून जगभर झाले. प्रत्यक्षात तिचे पाणी बहुधा हिरवट किंवा गढूळच दिसते. 1992 मध्ये माइन नदीशी जोडणारा कालवा पूर्ण झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत सलग जलमार्ग तयार झाला. जलवाहतुकीचे नियमन आज बुडापेस्ट येथील डॅन्यूब आयोगाकडे आहे, तर पाण्याच्या रक्षणासाठी 1994 मध्ये सोफिया येथे स्वतंत्र करार झाला. तलवारीच्या बळावर ही नदी कोणत्याही एका सत्तेला कायमची राखता आली नाही. तिचा कारभार टिकला तो काठच्या देशांनी एकत्र बसून केलेल्या नियमांवर.