दोन गाड्यांचा सिनेमा

'पिंजरा'तल्या मास्तरांना त्यांच्या स्वतःच्याच खुनाबद्दल फाशीची शिक्षा होते, हे मला तो सिनेमा पाहिल्यावर दोन वर्षांनी कळलं. पाहिल्यावर म्हणतो खरा, पण पाहिला होता पाऊणच. मास्तर घसरत घसरत फडापर्यंत आले आणि आता यांचं काय होणार म्हणून मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली, तेवढ्यात थोरल्या भावाने दंडाला धरून उठवलं. "चल. गाडी."

साल १९७२. मी चौदा वर्षांचा. थिएटर दादरचं आणि घर उमरोळीला.

पालघर आणि बोईसर यांच्या मधलं स्टेशन ते आमचं. मुंबई आणि सुरत रुळांनी जोडली गेली १८६४ साली. तेव्हापासून गाड्या आमच्या भातखाचरांच्या कडेने धडधडत जातात, पण थांबतात त्यातल्या मोजक्या. 'फ्लाइंग राणी' १९७९ साली दुमजली झाली आणि २०२३ पर्यंत दुमजलीच धावली. तिच्या वरच्या मजल्यावरची माणसं आम्ही फक्त फलाटावरून पाहिली. आमची ती शटल. लोकलने विरारला उतरायचं, जिना धावत चढायचा आणि डहाणूकडची शटल पकडायची. रात्रीची शेवटची सुटली की पहाटेपर्यंत फलाटावर मुक्काम.

म्हणून आमच्याकडे सिनेमाची लांबी रिळांत किंवा तासांत कुणी मोजत नसे. भाऊ नोकरीनिमित्त रोज मुंबईला जायचा, त्याचा हिशेब असा: "हा एका गाडीचा, शेवटापर्यंत पाहता येतो. हा दोन गाड्यांचा. पहिली सोडली तरी दुसरी मिळते, पण शेवटची मारामारी बघायची नाही." मराठी सिनेमाचा इतिहास लिहिणारे रौप्यमहोत्सव मोजतात. उमरोळीपुरता तो लिहायचा झाला तर रेल्वेचं टाइमटेबल घेऊन बसावं लागेल.

त्याआधी, गाडी न पकडता पाहिलेला सिनेमा म्हणजे जत्रेतला तंबू. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरायची. तिथे पाळण्यापलीकडे कनातीचं थिएटर लागायचं. पुढे जमिनीवर बसणारे, मागे बाकडी, बायकांची बाजू वेगळी आणि मध्ये एक दोरी. मशीन एकच. २,००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटं चालतं, म्हणजे दर २२ मिनिटांनी पडदा पांढरा व्हायचा, ऑपरेटर रीळ बदलेपर्यंत तंबूत विड्या पेटायच्या आणि पोरं मुतायला धावायची. इंटरव्हल एकच असतो हे मला मुंबईत गेल्यावर कळलं.

मी जागा धरायचो ती पडद्यासमोर नाही, मशीनजवळ. आत दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर असत आणि त्यांच्या टोकांमध्ये डोळे दिपवणारा उजेड फुललेला असे. कांड्या जळून आखूड होत, तसं ऑपरेटरने चाक फिरवून त्यांना जवळ आणत राहायचं. तो बिडीत रमला की पडद्यावरची नटी पिवळी पडायची आणि पब्लिक ओरडायचं, "ए कांडी!" बाहेर जनरेटर भकभकत असे. इथून काही मैलांवर तारापूरला १९६९ साली देशातली पहिली अणुवीज तयार झाली, पण आमच्या तंबूतली नटी डिझेलवरच नाचत होती.

त्या ऑपरेटरने एकदा मला तुटलेल्या रिळाचा वीतभर तुकडा दिला. त्या तुकड्यावर आमचं आख्खं मे महिन्याचं थिएटर चाललं. फ्यूज गेलेल्या बल्बची मागची टोपी हलक्या हाताने फोडायची, आतली तार आणि काचेची कांडी काढायची आणि बल्बात पाणी भरायचं. हे भिंग. अंगणातल्या पोराने आरशाने कवडसा दाराच्या फटीतून आत मारायचा. आतल्याने कवडशात फिल्म उलटी धरायची आणि तिच्यापुढे बल्ब मागेपुढे करत राहायचं. सारवलेल्या भिंतीवर आधी नुसता डाग यायचा, मग डागाला डोळे फुटायचे. बाई होती, डोक्यावर पदर. कोणत्या सिनेमातली ते आजवर कळलं नाही. ढग आला की खेळ बंद.

पुढे मुंबईच्या सिनेमाच्या बातम्याही शटलनेच यायच्या. १९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरमधून काढून देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला जागा द्यायचं चाललं होतं. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि 'सोंगाड्या' तिथेच चालला. ही हकिकत आम्ही वर्तमानपत्रात वाचली नाही, विरारच्या पुढे डब्यात पत्ते कुटणाऱ्यांच्या तोंडून ऐकली. वैतरणेच्या पुलावर शिवसैनिक शंभर होते, सफाळ्याला पाचशे झाले आणि पालघर येईतो हजार.

आईने आयुष्यात शेवटापर्यंत पाहिलेला सिनेमा एकच, 'जय संतोषी माँ'. १९७५ साल. आळीतल्या दहाबारा बायका शुक्रवारचा उपास धरून, गूळ-चण्याच्या पुरचुंड्या घेऊन निघाल्या. मला सोबतीला घेतलं, कारण तिकीट काढायची त्यांना भीती. थिएटरच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. देऊळ समजून लोक अनवाणी आत जात होते. देवी पडद्यावर आली तशी नाणी खणखणत पडायला लागली. आईनेही पाच पैसे भिरकावले. ते पुढच्या टक्कलवाल्याला लागले. त्याने मागे वळून पाहिलं आणि हात जोडले, देवीला की आईला कोण जाणे. गाडीची वेळ झाली म्हणून मी खुणावलं, तर आई म्हणाली, "बस खाली. आई नेईल बरोबर." आणि गाडी त्या दिवशी चाळीस मिनिटं लेट होती! त्यानंतर घरात माझ्या टाइमटेबलला कुणी विचारेना.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'शोले' लागला. मिनर्व्हाला तो पाच वर्षं होता, त्यातली शेवटची दोन मॅटिनीला. मुंबई सेंट्रलला उतरून लॅमिंग्टन रोडने चालत जायचं. सत्तर एमएमचा तो पडदा आणि उजवीकडून डावीकडे दौडत जाणारा टापांचा आवाज. मी मान वळवून घोडे शोधले होते, हे कबूल करायला आता लाज नाही. पण सिनेमा तीन तासांच्या वर, चक्क तीन गाड्यांचा. तिनाच्या खेळाची तिकिटं ब्लॅकवाल्यांच्या खिशात, आम्हाला मिळाली सहाची. जय-वीरू गब्बरच्या अड्ड्याकडे निघाले आणि आम्ही मुंबई सेंट्रलकडे.

१९७६ साली मी बोईसरच्या एमआयडीसीत कामाला लागलो आणि पहिल्या पगारात ठरवलं, आज शेवट बघायचाच. बघितला. ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवतो आणि ऐन वेळी पोलीस येऊन त्याला आवरतात. इतक्या रक्तपातानंतर हा एवढासा शेवट? चुटपुट लागली. विरारला पोचलो तेव्हा शटलचा मागचा लाल दिवा लांब गेला होता. बाकावर झोपलो, म्हणजे डास मारत पडलो. पहाटेच्या गाडीने उमरोळीला न उतरता थेट बोईसरला, पहिल्या पाळीवर. घरी गेल्यावर आईने दोन दिवस भाषण बंद ठेवलं.

चुटपुट खरी होती, हे फार उशिरा समजलं. मूळ सिनेमात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरने ते मानलं नाही, म्हणून पोलिसांचा प्रसंग नव्याने घ्यावा लागला. मूळ शेवटासह दुरुस्त केलेली प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याला दाखवली गेली. म्हणजे ज्या शेवटासाठी मी विरारला रात्र काढली, तो शेवटच नव्हता. पन्नास वर्षं आख्खा देश गाडी पकडायला आधी उठला होता म्हणायचं.

आवडता सिनेमा मात्र 'शोले' नाही. 'सामना'. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. डॉ. लागू आणि निळू फुले समोरासमोर बसले की बाकी काही लागत नाही. तोही पहिल्यांदा अर्धवट सुटला आणि 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा त्यातला प्रश्न घेऊनच मी शटलमध्ये चढलो. समोरच्या भाजीवालीने तोंड का उतरलंय म्हणून विचारलं. तिला केळवे रोडपर्यंत गोष्ट सांगितली. ती टोपली उचलता उचलता म्हणाली, "गाडला असंल कुठंतरी. आमच्याकडं काय होतं दुसरं?" तेंडुलकरांना हे कुणी तरी सांगायला हवं होतं.

व्हिडिओ आला, भाड्याच्या व्हीसीआरवर एका रात्रीत तीन-तीन सिनेमे पाहून झाले, कनाती जत्रेतून गेल्या. त्या काळाबद्दल मला फारसं सांगण्यासारखं नाही. डोळे चुरचुरायचे, एवढंच आठवतं.

उमरोळीत टॉकीज कधी उभी राहिली नाही. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावते आणि ती आमच्याकडे थांबते. नातवंडं चर्चगेटपर्यंतच्या प्रवासात मोबाइलवर आख्खा सिनेमा उरकतात. भाऊ गेला, गाड्यांचा हिशेब करणारं कुणी उरलं नाही. मला आता कुठे पोचायचं नसतं. तरी तिकीट काढताना मी कडेची, दाराजवळची खुर्ची मागतो.