'आर' म्हणजे रेझिस्टंट: मुंबईतल्या चार रिपोर्टांची गोष्ट

मी नागपूरहून बोलतोय. आजच्या एपिसोडची सुरुवात एका कागदापासून.

गेल्या पावसाळ्यात आईला लघवीचं इन्फेक्शन झालं. एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टर कशाला, म्हणून मीच मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं. तीन दिवसांत बरं वाटलं, गोळ्या बंद. पंधरा दिवसांनी थंडी वाजून ताप. मग कल्चर केलं. रिपोर्टवर चौदा औषधांची नावं, त्यातल्या नऊ नावांपुढे एकच अक्षर: 'आर'. रेझिस्टंट. या जंतूवर हे औषध चालणार नाही. मी आणलेली गोळी त्या नवांतच होती.

ही टेस्ट करतात कशी? प्लेटमध्ये पेशंटचे जंतू पसरवायचे, वर औषध लावलेल्या कागदाच्या छोट्या टिकल्या ठेवायच्या. रात्रभर उबेत ठेवलं की जे औषध चालतं, त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल दिसतो. जंतू टिकलीला खेटून वाढले, तर 'आर'. ही पद्धत १९६६ साली अमेरिकेत बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्की बसवली.

टीबीचं मात्र वेगळं. तो जंतू इतका हळू वाढतो की कल्चरलाच कित्येक आठवडे जातात. तोवर औषध अंदाजाने.

आता मुंबईला येऊ. डिसेंबर २०११. हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया, मायक्रोबायोलॉजिस्ट डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांचं एक छोटंसं पत्र वैद्यकीय जर्नलमध्ये आलं. चार पेशंट. पहिल्या फळीची औषधं तपासली, दुसऱ्या फळीची तपासली. सगळीकडे 'आर'. त्यांनी याला नाव दिलं: टोटली ड्रग-रेझिस्टंट टीबी.

देशभर खळबळ उडाली. सरकारने या नावालाच हरकत घेतली. मार्च २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीतही ठरलं, की हे नाव वापरू नये. कारण ऐकण्यासारखं आहे: दुसऱ्या फळीतल्या काही औषधांची लॅब टेस्ट तेवढी भरवशाची नाही. टेस्टमध्ये 'आर' आलं, तरी माणसात औषध थोडंफार चालू शकतं.

मी सॉफ्टवेअरवाला. टेस्ट फेल झाली की आधी टेस्टवरच शंका घ्यायची, ही आमची जुनी सवय. त्यामुळे हा मुद्दा मला पटतो. पण नाव बदललं म्हणून त्या पेशंटांचा खोकला थांबणार होता का?

खरा प्रश्न होता, हे लोक इथवर पोचले कसे. त्याच पत्रात लिहिलंय: वेगवेगळ्या खाजगी डॉक्टरांनी एकेक औषध वाढवत नेलं, तेही अनेकदा चुकीच्या डोसमध्ये. उदवाडियांच्याच टीमने २०१० मध्ये धारावीतला एक अभ्यास छापला होता. १०६ खाजगी डॉक्टरांना टीबीचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलं. उत्तरं आली ६३ प्रकारची. बरोबर फक्त ६.

त्या गदारोळानंतर गोष्टी हलल्या. मे २०१२ पासून टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं बंधनकारक झालं. मार्च २०१४ पासून एच-वन यादी लागू झाली. टीबीची औषधं आणि बरीच वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स तिच्यात आहेत. ती विकताना दुकानदाराने पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत नोंदवायचं. रिफॅम्पिसिन चालेल की नाही, हे काही तासांत सांगणारी मशीनं सरकारी दवाखान्यांत आली. २०१६ पासून बेडाक्विलिन हे नवं औषधही सरकारी कार्यक्रमातून मिळू लागलं.

आई बरी आहे. उरलेल्या पाचांतल्या एका औषधाने. ते इंजेक्शन होतं, सात दिवस रोज घ्यावं लागलं. सलाईनच्या बाटलीकडे बघत ती एवढंच म्हणाली, "बाळा, पुढच्या वेळी आधी तपासून घेऊ."

चार ओळींत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ही, म्हणून एपिसोड केला. तुमच्या घरच्या औषधांच्या डब्यात अर्धी पट्टी पडली असेल, तर ती कुणाला देऊ नका. भेटू पुढच्या रविवारी!