बहात्तरची खडी

माझ्या आईच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं झालं होतं. १९७२च्या दुष्काळात बीडकडच्या एका रस्त्यावर खडी फोडताना हातोडा बसला होता. कामावर खायला सुकडी मिळायची. घरी रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी, थापतानाच चिरा पडायच्या. पण हाताला काम होतं, म्हणून आमचं घर जगलं. महाराष्ट्रातले नेते वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेचा १९७७ साली राज्यात कायदा झाला: मागेल त्याला काम. या रोजगार हमीच्या खर्चासाठी शहरातले पगारदार व्यवसाय कर भरत होते. २००५च्या देशव्यापी रोजगार हमी कायद्याला हाच अनुभव उपयोगी पडला. भुकेल्या माणसाला काम मागण्याचा हक्क आहे, हे महाराष्ट्रानं आधी मान्य केलं. आई त्या रस्त्याला शेवटपर्यंत ‘आमचा रस्ता’ म्हणायची.