ठेका पोहोचला, नावं कुठे राहिली?

१९८४ साली न्यूझीलंडच्या चार्टवर एक गाणं चार आठवडे पहिल्या नंबरवर होतं, आणि ते अख्खं माओरी भाषेत होतं. 'पोई ई'. ऑकलंडमध्ये राहत असाल तर कधी ना कधी कानावर पडलंच असेल. शब्द न्गोई पेफाइरांगी यांचे, संगीत डॅल्व्हानियस प्राइम यांचं, गायला पाटेया माओरी क्लब. पाटेया हे छोटं गाव. तिथला मांसप्रक्रियेचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला आणि गावाचा रोजगारच गेला. अशा वेळी या मंडळींनी पारंपरिक गायकीखाली ड्रम मशीनचा ठेका घातला. हिशोब साधा होता: पोरं नाचतील आणि नाचता नाचता भाषा तोंडात बसेल. रेकॉर्ड कंपन्यांनी रस दाखवला नाही, तेव्हा प्राइम यांनी स्वतःचं लेबल काढलं.

मराठी डान्स रीमिक्स परदेशात नेमकं हेच काम करतो. देवनागरी धड वाचता न येणाऱ्या मुलांनाही 'झिंगाट' पाठ असतं. फरक पुढे आहे. 'पोई ई'सोबत ते करणारी माणसंही लक्षात राहिली. २०१६ मध्ये त्या गाण्याच्या जन्मकथेवर माहितीपट आला. आपल्याकडे ठेका पोहोचतो, माणसं वाटेत गळतात.

याचं एक कारण कायद्यात सापडतं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद होती: ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं उलटली की नोटीस आणि रॉयल्टी देऊन कुणीही तेच गाणं नव्याने रेकॉर्ड करू शकेल. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि कंपन्यांनी ही वाट पकडली. जुनी गाणी नव्या आवाजात धडाधड बाजारात आली. २००२ चा 'कांटा लगा' आठवतो? मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'तलं, लता मंगेशकरांचं. तरतुदीतली रॉयल्टी शब्द आणि संगीताच्या मालकाची. मूळ गायकाचा तिथे विचारच नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने दोनाची पाच वर्षं केली आणि गाण्यात मनमानी बदल करण्यावर बंधनं घातली.

पण सगळा दोष कायद्यावर टाकून चालणार नाही. 'चिकनी चमेली' घ्या. अजय-अतुल यांनी स्वतःचीच 'कोंबडी पळाली'ची चाल २०१२ च्या 'अग्निपथ'मध्ये वापरली. चोरी नाही, काही नाही. तरी मराठीत ज्या आनंद शिंदेंच्या आवाजाने ते गाणं गाजलं, तो आवाज हिंदीत नाही. आनंद शिंदे म्हणजे प्रल्हाद शिंदेंचे चिरंजीव. भीमगीतं आणि विठ्ठलाची गाणी दोन्ही घरोघरी पोहोचवणारं हे घराणं. तो अख्खा इतिहास एका आवाजासोबत येतो, आणि आवाज गेला की सोबत जातो.

उलटंही होतं. 'मी डोलकर' ऐकलं की ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं कोळीगीत वाटतं. प्रत्यक्षात ते शान्ता शेळके यांनी लिहिलंय आणि हृदयनाथ मंगेशकरांनी संगीत दिलंय. 'पारंपरिक' असा शिक्का बसला की कवयित्री गायब.

मग रीमिक्स ऐकूच नयेत का? छे! रीमिक्स नसता तर ही गाणी इतक्या लांब आलीच नसती. फक्त आपल्यापर्यंत गाव, वस्ती, जलसा यातलं काहीच येत नाही, येतं ते गाणंच. त्यामुळे त्याच्यासोबत आलेली दोन-तीन नावं हाच आपल्या हाती लागणारा इतिहास.

तेव्हा पुढचा भारी मिक्स कुणाला पाठवाल तेव्हा खाली एक ओळ टाका: कुणी लिहिलं, कुणी चाल लावली, आधी कुणी गायलं. शोधायला पाच मिनिटं लागतात. आणि बऱ्याचदा शोधताना मूळ गाणंच जास्त आवडून जातं.