अकरा वर्षांची शाळा

जॉन ह्यूजचा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ (१९८५) अनेकांनी पाहिला असेल. शनिवारी शिक्षा म्हणून शाळेच्या वाचनालयात बसवलेली पाच मुलं, एवढंच कथानक. चित्रपटातली तारीख २४ मार्च १९८४, शाळेचं नाव शर्मर. ही शाळा काल्पनिक, पण इमारत खरी. आणि त्या तारखेला तिथली शाळा बंद होऊन तीन वर्षं होत आली होती. मला चित्रपटाइतकीच त्या इमारतीची गोष्टही चटका लावते.

शिकागोच्या वायव्येला डेस प्लेन्स हे उपनगर आहे. मेन टाउनशिप हायस्कूल नॉर्थ, म्हणजे ‘मेन नॉर्थ’, तिथली. ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की आपल्यासमोर भरमसाट फी येते. तिकडे नेमकं उलट. ही सार्वजनिक, विनाशुल्क शाळा. खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि कारभार निवडून आलेलं शिक्षण मंडळ पाहतं.

या मंडळाच्या इमारतींची सालं पाहण्यासारखी आहेत. मेन ईस्ट १९३०ची. पुढचं हायस्कूल, मेन वेस्ट, आलं थेट १९५९ मध्ये. मग १९६४ मध्ये साउथ आणि १९७० मध्ये नॉर्थ. ईस्टमध्ये शिकणाऱ्या हिलरी रॉडमला, म्हणजे पुढच्या हिलरी क्लिंटनला, शेवटच्या वर्षी नव्या साउथमध्ये जावं लागलं. १९६५ मध्ये ती तिथूनच उत्तीर्ण झाली.

ही घाई महायुद्धानंतरच्या जन्मलाटेची. अमेरिकेत १९५७ मध्ये सुमारे ४३ लाख मुलं जन्मली. ती साधारण १९७१ मध्ये नववीत पोचली, म्हणजे मेन नॉर्थ सुरू झाल्यावर वर्षभरातच. पण १९६७ मध्ये जन्म सुमारे ३५ लाखांवर आले होते. ती मुलं नववीत जाणार होती १९८१ मध्ये. आणि मेन नॉर्थ बंद झाली, तीही १९८१ मध्येच.

मला खटकतं ते इथे. नववीत येणारं मूल चौदा वर्षं आधी जन्मलेलं असतं. मेन नॉर्थचं दार उघडलं तेव्हा १९८१ची नववी तीन वर्षांची होती. तिची शिरगणती अशक्य नव्हती. मग एवढी इमारत बांधली कशाला?

पण मंडळाच्या जागी बसून पाहिलं, तर राग निवळतो. १९७० मध्ये दारात उभ्या असलेल्या मुलांना ‘दहा वर्षं थांबा, मग जागा होईल’ असं सांगता येत नाही. गर्दीच्या शाळा तेव्हा तिकडेही कुठेकुठे दोन पाळ्यांत भरत, पण आई-वडील ते तात्पुरतंच चालवून घेत. शिवाय उपनगरात नवी कुटुंबं येत राहतील, असं धरून चालणं तेव्हा वेडेपणाचं नव्हतं. प्रत्यक्षात उपनगरंही म्हातारी होतात. मुलं शिकून बाहेर पडतात, आई-वडील त्याच घरात राहतात. घरं तेवढीच, कर तेवढाच, पोरं मात्र कमी. शेजारच्या स्कोकीमधली नाइल्स ईस्ट एक वर्ष आधीच, १९८० मध्ये, बंद झाली होती.

शाळा बंद होते तेव्हा हिशेब जुळतो. पण शिकणं अर्ध्यावर असलेल्या मुलांना आपली शाळा सोडून दुसरीकडे जावं लागतं. मेन नॉर्थमध्ये ज्यांनी आठवणी कमावल्या, त्यांना दाखवायला पुढची पिढीच उरली नाही.

उरली ती इमारत. वर्ग भरत नसल्यामुळेच चित्रीकरणासाठी ती सोयीची ठरली. खरं वाचनालय लहान पडलं, म्हणून व्यायामशाळेत खोटं वाचनालय उभारलं गेलं. नंतर इमारतीत इलिनॉय राज्य पोलिसांची कार्यालयं आली. जगभरच्या प्रेक्षकांना हे कॉरिडॉर आणि ते लॉकर ओळखीचे आहेत, पण शर्मर या नावाने. अकरा वर्षं तिथे खरोखर शिकलेल्यांच्या वाट्याला मात्र आपल्या शाळेचं नाव दर वेळी समजावून सांगणं आलं.