बंदुकीचा हक्क आणि नागरिकशास्त्राचा तास

नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क शिकणारी मुलं आम्हाला विचारतात, "अमेरिकेत बंदूक ठेवायचा हक्क आहे, मग आपल्याकडे का नाही?" उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

अमेरिकेने १७९१ मध्ये हा हक्क संविधानात घातला. आपल्याकडे इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागे, गोऱ्यांना त्यातून सूट. हा अपमान लोकांना सलत होता. म्हणून १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियम पाळून शस्त्र बाळगण्याचा हक्कही आला.

पुढे स्वराज्य आलं. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी हाच हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोध केला. जो तो बाजारातून हवं ते हत्यार आणू लागला, तर राज्यकारभार चालायचा कसा, हा त्यांचा मुद्दा. दुरुस्ती नामंजूर झाली. आज १९५९ च्या कायद्याप्रमाणे बंदुकीला परवाना लागतो.

मग आपल्याला काय मिळालं? कलम १९ मध्ये शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क मिळाला. 'विनाशस्त्र' हा शब्द मुलांना नीट समजावून सांगा. सभेत कुऱ्हाडी आल्या, तर तिथं बाई तोंड उघडेल का? आपण गटाच्या बैठकीला, ग्रामसभेला रिकाम्या हातांनी जातो आणि हिशेब विचारतो, तो याच शब्दाच्या आधारावर.